आधी किरायानामा

नाल्यावरच्या रपट्यावरून पाणी वाहत होतं आणि आमची बस अलीकडच्या काठावर मुकाट उभी होती.

पंच्याऐंशी सालचा भाद्रपद. पोळा होऊन गेला तरी पावसाचं मन काही भरलं नव्हतं. मी दोन दिवस आईकडे राहून पांढुर्ण्याहून सौंसरला परत निघाले होते. ड्रायव्हरनं इंजीन बंद केलं, बिडी शिलगावली आणि जाहीर केलं, "पाणी उतरल्याबिगर गाडी हलत नाही." जामसांवलीच्या मारुतीच्या दर्शनाला निघालेली मंडळी उतरून चहाच्या टपरीकडे पळाली. मी बसूनच राहिले. माझ्या खिडकीला काच नव्हती, आणि पाऊस माझ्या डाव्या खांद्यावर अगदी हक्कानं येऊन पडत होता.

"इकडच्या सीटवर या ना, मॅडम. तिकडून झड येऊन राहिली."

मी वळून पाहिलं. खाकी शर्ट, उन्हानं रापलेला चेहरा, हातात उकडलेल्या शेंगांचा पुडा. तोंड गंभीर होतं, पण डोळे... डोळे मात्र हसत होते. मी सीट बदलली. पाऊसच होता तसा!

त्यानं पुडा पुढे केला. "घ्या."

"अनोळखी माणसाचं काही खात नाही मी."

"मंग ओळख करून घ्या ना. शेंगा थंड होऊन राहिल्या."

मला हसू आलं. मी दोन शेंगा घेतल्या... मग आणखी दोन. तो बिजलीच्या ऑफिसात लाइनमन होता. मी सौंसरच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होते.

"सौंसरात कुठी राहता?" त्यानं विचारलं.

"राहते कसली... घरात पाऊस राहते, मी त्याच्या सोबतीले असते." बोलायला कोणी भेटलं की माणसाचं होतं तसं माझं झालं, मी थांबेचना. "घरमालकाले दोन पत्रं टाकली. छपराचे कवेलू फेरून द्या म्हटलं. पण ते बसले पांढुर्ण्यात कोरडे. माणूस हाय का दगड, काय माहीत!"

"नाव काय त्यायचं?"

"भाऊराव नारनवरे."

तो बराच वेळ बाहेरच्या पाण्याकडे पाहत राहिला. शेंग तशीच बोटांत. मग हळूच म्हणाला, "दगडच असन."

पाणी उतरलं, बस निघाली. सौंसरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मी घराकडे वळले, तर तोही वळला. मी वाण्याच्या दुकानावरून डावीकडे गेले, तर तोही डावीकडे. गल्लीच्या तोंडाशी मी थांबले.

"तुम्ही माझ्या मागं येऊन राहिले का?"

"नाही ना... म्हणजे, हो." त्यानं मान खाजवली. "मले भाऊरावच्याच घरी जायचं हाय. मी त्या दगडाचा मुलगा. उत्तम."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं पुस्तकात लिहितात. त्या संध्याकाळी मला ते कळलं. मी कशीबशी म्हणाले, "काही काम होतं?"

त्यानं तोंड उघडलं. मिटलं. माझ्या ओल्या खांद्याकडे पाहिलं, मग वर छपराकडे.

"ते... कवेलूच पाहाले आलो होतो," तो म्हणाला, आणि एका दोस्ताकडे मुक्कामाला निघून गेला.

*

त्या घरावर माझा जीव होता, ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी बदली होऊन सौंसरला आले तेव्हा खोली शोधता शोधता चपला झिजल्या होत्या. खोली रिकामी दिसायची, बोलणं व्हायचं, चहासुद्धा व्हायचा. मग आडनाव विचारलं जायचं. मी सोमकुंवर म्हणून सांगितलं की खोली कालच कोणाला तरी देऊन झालेली असायची. शेवटी विहारात कोणीतरी भाऊरावांचं घर सांगितलं. ते बायकोसोबत पांढुर्ण्याला राहत होते, जिनिंगात कामाला होते, आणि सौंसरचं हे घर रिकामं पडलं होतं. एक खोली, स्वयंपाकघर, पुढे पडवी, मागे पेरूचं झाड. अकरा महिन्यांचा किरायानामा झाला. संपला की पुन्हा नवा. आताचा दिवाळीला संपत होता, आणि तो पुन्हा होईलच, असं मी धरून चालले होते.

पुढच्या रविवारी उत्तम शिडी घेऊन हजर! ऊन पडलं होतं. तो वर चढला, मी अंगणात उभी राहून खालून एकेक कवेलू देऊ लागले.

"जपून," मी म्हटलं. "पडाल."

"खांबावर चढतो मी रोज. हे तं बसल्या जागचं काम हाय."

"खांबावर कोणी खालून पाहत असते का?"

त्याचा हात थांबला. वरून माझ्याकडे पाहून म्हणाला, "नाही. म्हणूनच तिथं पाय घसरत नाही."

मी घाईघाईनं पुढचं कवेलू उचललं. त्याच्या हाती देताना बोटांना बोटं लागली. कवेलू उन्हानं तापलेलं होतं, की बोटं... कोण जाणे.

काम एका दिवसाचं होतं. पण त्या दिवशी निम्मंच झालं. दुसऱ्या रविवारी वळचणीचं राहिलं होतं. तिसऱ्या रविवारी त्याला मागच्या भिंतीत ओल दिसली, जी मला कधीच दिसली नव्हती. मी पोहे करायची, तो पडवीत पाय सोडून बसायचा, आणि आम्ही बोलत राहायचो... त्याच्या अमरवाड्याच्या नोकरीबद्दल, माझ्या आईच्या गुडघ्यांबद्दल, पेरूवर येणाऱ्या पोपटांबद्दल. जाताना तो दारात थांबायचा. काहीतरी ओठांवर आलेलं असायचं.

"काही सांगाचं हाय का?" मी विचारायची.

"हाय... पण पुढच्या इतवारी."

मला वाटायचं, मला माहीत आहे ते काय आहे. आणि मी मनातल्या मनात रविवार जवळ ओढायची.

मधल्या एका बुधवारी एक्सचेंजच्या बोर्डावर पांढुर्ण्याचा दिवा लागला. मी नेहमीच्या आवाजात म्हटलं, "सौंसर. नंबर प्लीज."

"नंबर नाही पाहिजे," पलीकडून उत्तमचा आवाज आला; तो रजेवर घरी आला होता. "ऑपरेटर पाहिजे."

"ऑपरेटर ड्यूटीवर हाय."

"मंग काही नाही. आवाज आला, काम झालं."

लाइनवर कोणीतरी खुदकन हसलं. पांढुर्ण्याच्या एक्सचेंजमधली छाया होती ती; तिची सगळी दुपार सत्कारणी लागली. त्या दिवशी मी दोन जणांना चुकीचे नंबर जोडून दिले.

*

चौथ्या रविवारी तो आला नाही. सोमवारी माझी सुट्टी होती. सकाळी दार वाजलं. मी पदर सावरून धावले. दारात एक सावळ्या, ठसठशीत बाई उभ्या होत्या. हातात कापडी पिशवी.

"जय भीम, पोरी. मी शांताबाई. उत्तमची आई."

मी त्यांना आत घेतलं, पाणी दिलं. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या, ओट्यावर हात फिरवला, कोपऱ्यात पाहिलं, आणि अगदी मायेनं म्हणाल्या, "इथं माया धान्याच्या कोठ्या मावतीन. तू सामान कधी हालवून राहिली, बाई? घाई नाही हो. दिवाळी करून जाय."

मला काही कळेना. "कुठी जाऊ?"

शांताबाईंचा हात ओट्यावरच राहिला. "उत्तमनं सांगतलं नाही? त्याची सौंसरले बदली झाली. त्याच्या बाबांचंबी काम सुटून राहिलं. आम्ही तिघंबी इथंच येतो म्हटलं... तुले सांगाले तं त्याले पोळ्याच्या आठवड्यातच धाडलं होतं!"

"ते... ते कवेलू फेराले येतात," मी म्हटलं.

"तवापासून कवेलू फेरून राहिला?" त्यांनी वर छपराकडे पाहिलं. "घरावर कवेलू हायेत तरी किती, बाप्पा!"

एरवी मी हसले असते. पण मी पाठ फिरवून चहाचं आधण ठेवलं. शांताबाईंनी माझ्याकडे पाहिलं, पुन्हा एकदा नीट पाहिलं, आणि पुढं कोठ्यांबद्दल काहीच बोलल्या नाहीत. चहा घेऊन, डोक्यावरून हात फिरवून निघून गेल्या.

त्या आठवड्यात मी पुन्हा खोली शोधायला निघाले. पुन्हा तेच. रिकाम्या खोल्या, गोड बोलणं, आडनाव, आणि "अरे, कालच देऊन टाकली ना!" एका ठिकाणी तर बाईंनी मला दारातूनच वाटेला लावलं. मी रागानं नाही, दमून घरी आले. पडवीत बसले. पेरूवर पोपट आले होते, ते मला उगाचच आपले वाटले.

*

रविवारी उत्तम आला. शिडी नव्हती. पोहेही नव्हते.

"आई आल्या होत्या," मी म्हटलं.

"माहीत हाय." तो पडवीच्या पायरीवर बसला. माझ्याकडे न पाहता म्हणाला, "मी पहिल्याच दिवशी सांगाले आलो होतो. त्या बसनंच. पण तुम्ही म्हणाल्या, घरात पाऊस राहते... मंग वाटलं, आधी कवेलू करून देतो, मंग सांगतो. मंग कवेलू झाले. अन् वाटलं, आता सांगितलं तं पुढच्या इतवारी येऊ कायले?"

माझा राग विरघळायला लागला होता. मी त्याला घट्ट धरून ठेवला.

"तुमच्या इतवारापायी माझे इतके दिवस वाया गेले ना. तवाच सांगितलं असतं तं तवाच शोधाले लागली असती. तुम्हाले माहीत नाही का, आपल्याले खोली कशी भेटते ते?"

"माहीत हाय." त्याचा आवाज अगदी खाली गेला. "चुकलं मायं."

मग तो उठून उभा राहिला. शर्ट नीट केला, जसा काही साहेबासमोर उभा आहे.

"एक सांगू? खोली सोडाची गरजच नाही... म्हणजे, तुम्ही हो म्हटलं तं. आईलेही तुम्ही आवडल्या. मी... मी लग्नाचं म्हणून राहिलो."

हेच वाक्य मी कितीदा मनात ऐकलं होतं! पोहे करताना, बोर्डावर बसल्या बसल्या, पहाटे अर्धवट झोपेत. आता ते खरंच आलं होतं, त्याच आवाजात. आणि माझ्या छातीत आनंदाच्या जागी काहीतरी टोचलं.

"म्हणजे हो म्हटलं तं घर," मी म्हणाले, "अन् नाही म्हटलं तं रस्ता?"

"तसं नाही म्हटलं मी!"

"तुम्ही नाही म्हटलं. पण होते तसंच." मी पदर कमरेला खोचला. "मी आज हो म्हटलं अन् उद्या आपलं भांडण झालं, तं तुम्ही काही बोलणार नाही. पण मलेच वाटन, छपरासाठी हो म्हटलं होतं का आपण? मले ते कधीच माहीत नाही पडणार, उत्तमजी. जलमभर नाही."

त्याचं नाव मी पहिल्यांदाच घेतलं होतं. ते असं घ्यावं लागेल, असं वाटलं नव्हतं.

"मंग काय करू?" त्यानं विचारलं. खरंच विचारलं, चिडून नाही.

"आधी किरायानामा. पुऱ्या अकरा महिन्यांचा, तहसिलीतून. मंग काय विचाराचं असन ते विचारा."

"अन् मंग तुम्ही नाही म्हटलं तं?"

"तं तुम्ही दुसरीकडे राहान, अन् मले बाजारात पाहून तोंड फिरवान."

"दुसरीकडे राहीन," तो म्हणाला. "तोंड फिरवणं नाही जमणार."

आणि गेला. त्या दिवशी त्यानं वळून पाहिलं नाही. मी मात्र तो वाण्याच्या दुकानाआड होईपर्यंत पाहत होते.

*

दिवाळीच्या चार दिवस आधी एक्सचेंजच्या दारात भाऊराव उभे राहिले. पांढरं धोतर, खांद्यावर दुपट्टा, कपाळाला आठ्या. मला वाटलं, आता घर रिकामं करायचा दिवस सांगतील.

"चला, बाई. तहसिलीत जाऊन येऊ. टाइपवाला बसला हाय."

मी रजा टाकून निघाले. चालता चालता ते आपणहूनच बोलायला लागले. "पोरगा म्हणते, घर त्या बाईलेच द्या, मी किरायानं राहतो, तुम्ही दोघं सालभर पांढुर्ण्यातच राहा. पयले मले वाटलं, याले बिजलीचा झटका लागला! आपलं घर असून कोणी किरायानं राहते का? लय बोललो त्याले. ते ऐकून घेते, अन् पुन्हा तेच म्हणते."

"मंग?"

"मंग त्याची माय मधात पडली." भाऊराव थांबले. खाकरले. "म्हणे, मले तं कोणी विचारलंबी नव्हतं. बापानं अन् तुम्ही ठरवलं, मी आली. आता या पोरीले इचारून राहिले, तं नीट इचारा. तिच्या पायाखाली जमीन असू द्या, मंग इचारा." ते पुन्हा चालायला लागले. "तीस वर्षं संसार झाला, बाई. हे तिनं मले परवा सांगतलं."

रस्त्याच्या कडेला एक गाय उभी होती, तिला वळसा घालून आम्ही दोघंही पुढे निघालो.

तहसिलीसमोरच्या लिंबाखाली टाइपवाला बसला होता. उत्तम आधीच येऊन उभा होता, जरा दूर. भाऊरावांनी सावकाश, अक्षर अक्षर जोडत सही केली. मी केली. साक्षीदार म्हणून उत्तमनं केली. त्याच्या माझ्यात एक टेबल होतं, आणि त्यानं एकदाही मान वर केली नाही. भाऊरावांनी शाईवर फुंकर मारली, एक प्रत माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "घ्या. आता कोणी सामान हालवाले सांगणार नाही. मायी बायकोबी नाही."

त्या संध्याकाळी मी घरी येऊन दार लावलं आणि खूप रडले. दुःखानं नाही. कशानं, ते अजून नीट सांगता येत नाही.

*

दिवाळी झाली. शेतांत कापूस फुटला, संत्र्यांचे ट्रक नागपूरकडे जायला लागले, सकाळी तोंडातून वाफ निघायला लागली. उत्तम सौंसरला रुजू झाला होता. स्टेशनच्या बाजूला लीलाबाई नावाच्या एका म्हाताऱ्या बाईंकडे त्यानं खोली घेतली होती. हे सगळं मला इकडून तिकडून कळलं. तो स्वतः काही आला नाही.

पहिला आठवडा मी म्हटलं, बरं झालं, विचार करायला वेळ मिळाला. दुसऱ्या आठवड्यात विचार करून झाला. खरं तर विचार करायचा काही उरलाच नव्हता. माझं घर माझं होतं, नोकरी माझी होती, कोणापुढे हात पसरायचा नव्हता. आणि तरीही रविवारी सकाळी माझे कान शिडीच्या आवाजाकडे लागलेले असायचे. छपरासाठी नव्हतं ते. आता तर अजिबात नव्हतं.

एकदा तो बाजारात खांबावर दिसला. मी मुद्दाम खाली थांबले. त्यानं वरून "नमस्कार" केला, अगदी सभ्य, आणि तारेकडे वळला. तोंड फिरवलं नाही, हे खरं. पण असा नमस्कार काय कामाचा? बिजलीच्या ऑफिसचा दिवा बोर्डावर लागला की मी छाती धरून "नंबर प्लीज" म्हणायची, आणि पलीकडून मोठे बाबू खेकसायचे, "छिंदवाडा लगाओ!"

शेवटी एका रविवारी मीच उठले. वेणी घातली, सोडली, पुन्हा घातली. आणि स्टेशनकडे निघाले.

लीलाबाई ओसरीत हरभऱ्याची भाजी निवडत होत्या. मी उत्तमचं नाव घेतल्याबरोबर त्यांचे हात थांबले.

"किरायेदाराकडे बाया आलेल्या मले चालत नाही. पयलेच सांगून ठेवलं हाय त्याले."

"मीबी किरायेदारच हाय, मावशी."

"कोणाची?"

"तुमच्या किरायेदाराचीच."

लीलाबाई माझ्याकडे पाहतच राहिल्या. आमचा आवाज ऐकून उत्तम बाहेर आला. हातांना कोपरापर्यंत कणीक लागलेली, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. मला पाहून तो दारातच उभा राहिला.

"ओसरीत बसून बोला," लीलाबाईंनी फर्मावलं. "मी इथंच हाय."

तो ओसरीच्या कडेला उभा राहिला, मी खांबाशी. मधे भाजीचं सूप आणि लीलाबाई.

"घराचं काही काम निघालं का?" त्यानं विचारलं.

"घर चांगलं हाय. एक थेंब गळत नाही."

"मंग?"

"मंग काय? तुम्ही काहीतरी विचारणार होते ना."

त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. कणकेचे हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. "विचारणार होतो. पण वाटलं, सही झाल्या झाल्या विचारलं तं तुम्ही म्हणान, त्याच्याचसाठी सही केली. म्हटलं, राहू दे तिले निवांत आपल्या घरात. अकरा महिने हायेत. घाई काय हाय?"

"तुम्हाले नसन," मी म्हणाले. "मले हाय."

लीलाबाईंच्या हातातली काडी सुपात पडली.

उत्तमनं माझ्याकडे पाहिलं. आणि मग ते नेहमी हसणारे डोळे भरून आले. तो बाहीनं ते पुसायला गेला, तर गालाला कणीक लागली. मला हसू आलं, आणि हसता हसता मलाही दिसेनासं झालं.

"प्रमिला," तो म्हणाला. मॅडम नाही, ऑपरेटर नाही. "माझ्यासंगं लग्न करशीन?"

"करीन."

एवढंच. इतके दिवस मनात केवढी लांबलचक वाक्यं जुळवली होती मी! त्यातलं एकही आठवलं नाही.

लीलाबाईंनी सूप बाजूला सरकवलं, गुडघ्यांवर हात टेकून उठल्या, आणि दाराचा पडदा वर करून धरला.

"आता आत येऊन बसलं तं चालते," त्या म्हणाल्या. "बाहेर गारठा हाय."